काळ्यालाच भोर का?

'हिरवागार' या शब्दाचा समास ओळखा, असा प्रश्न परीक्षेत आला की विद्यार्थी बिनदिक्कत 'कर्मधारय' असे लिहितो आणि गुणही मिळवतो. आपल्या बऱ्याच व्याकरण-पुस्तकांत लालभडक, पांढराशुभ्र, काळाभोर, हिरवागार आणि श्यामसुंदर हे शब्द एकाच ओळीत, 'दोन्ही पदे विशेषणे असलेला कर्मधारय' म्हणून दिलेले असतात. अडचण सुरू होते ती विग्रहापाशी. 'श्याम असून सुंदर' हे समजते. 'हिरवा असून गार' म्हणजे काय? मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. त्या उन्हातही रस्त्याकडेचा कडुनिंब हिरवागार असतो. गार मात्र त्या वेळी आसपास काहीच नसते. 'काळा असून भोर' हा विग्रह तर आणखी पेचात टाकतो. भोर असणे म्हणजे कसे असणे, हे विद्यार्थ्याला माहीत नसते आणि खरे सांगायचे तर शिकवणाऱ्यालाही नसते.

मग हे शब्द अभ्यस्त शब्दांत बसवावेत का? तेथे पूर्णाभ्यस्त (हळूहळू, लाललाल), अंशाभ्यस्त (बारीकसारीक, जाडजूड) आणि अनुकरणवाचक (कडकडाट, किरकिर) असे तीन कप्पे आपण शिकवतो. काळाभोरमध्ये 'काळा'चा एकही वर्ण पुन्हा येत नाही, त्यामुळे पहिले दोन कप्पे बाद. भोर हा कशाचा आवाजही नाही, त्यामुळे तिसराही बाद. रोजच्या बोलण्यातले, पहिलीतल्या मुलालाही येणारे शब्द व्याकरणाच्या कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाहीत, ही गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. हे शब्द करतात काय, याचा उलगडा होण्यासाठी आपण आधी एका दूरच्या भाषेकडे जाऊ. तेथे हेच काम अगदी वेगळ्या पद्धतीने होते आणि त्या उजेडात आपली पद्धत स्पष्ट दिसते.

तुर्कीची युक्ती

ही भाषा म्हणजे तुर्कस्तानची तुर्की. तुर्किक भाषाकुळ फार मोठे आहे. अझरबैजानी, तुर्कमेनी, उझबेकी, कझाकी, किरगिझी, उइगुर, तातारी अशा कितीतरी भाषा त्यात येतात आणि हे कुळ सैबेरियापर्यंत पसरलेले आहे. हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. चकमक, कैची, तोफ हे आपले शब्द मूळचे त्यांच्याकडचे आहेत. पहिला मोगल बादशहा बाबर याने आपले आत्मचरित्र ज्या तुर्की भाषेत लिहिले, तिची आजची वारस म्हणजे उझबेकी.

तुर्कीत पांढऱ्याला 'बेयाझ' म्हणतात. पांढराशुभ्र म्हणायचे असले तर 'बेम-बेयाझ'. कारा म्हणजे काळा. काळाकुट्ट म्हणजे 'काप-कारा'. सारि म्हणजे पिवळा, पिवळाधमक म्हणजे 'साप-सारि'. मावी म्हणजे निळा, निळाशार म्हणजे 'मास-मावी'. येशिल म्हणजे हिरवा आणि हिरवागार म्हणजे 'येम-येशिल'. (प्रत्यक्षात हे सलग एक शब्द म्हणून लिहितात, फोड दिसावी म्हणून आम्ही मध्ये रेघ घातली आहे. तुर्कीत आपल्याकडे नसलेला एक स्वर आहे, तो येथे 'इ'ने दाखवला आहे.)

युक्ती उघड आहे. शब्दाच्या सुरुवातीचे व्यंजन आणि त्याचा स्वर उचलायचा, त्याला प, म, स, र या चारांपैकी एक व्यंजन जोडून तो तुकडा बंद करायचा आणि मूळ शब्दाच्या आधी बसवायचा. बोलताना जोर या नव्या तुकड्यावर येतो. एरवी तुर्की शब्दाचा आघात बहुधा शेवटी असतो, तो येथे सुरुवातीला सरकतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला काहीतरी जास्तीचे सांगितले जात आहे हे शब्द पुरा होण्याआधीच कळते. हे फक्त रंगांपुरते नाही. तेमिझ म्हणजे स्वच्छ, 'तेर-तेमिझ' म्हणजे लख्ख स्वच्छ. बोश म्हणजे रिकामा, 'बोम-बोश' म्हणजे रिकामा ठणठणीत. कुरु म्हणजे कोरडा, 'कुप-कुरु' म्हणजे कोरडाठाक. येनी म्हणजे नवा, 'येप-येनी' म्हणजे नवाकोरा.

चारांपैकी कोणते व्यंजन घ्यायचे? शब्द स्वराने सुरू होत असेल तर उत्तर सोपे आहे: नेहमी प. उझुन म्हणजे लांब, 'उप-उझुन' म्हणजे लांबच लांब. व्यंजनाने सुरू होणाऱ्या शब्दांत मात्र थोडी गंमत आहे. ज्या व्यंजनाने शब्द सुरू होतो, तेच पुन्हा तुकडा बंद करायला वापरत नाहीत. म्हणून मावीला म चालत नाही, तेथे स येतो. सारिला स चालत नाही, तेथे प येतो. याखेरीज पुढच्या व्यंजनांशीही सारखेपणा टाळण्याकडे कल दिसतो. पण एवढ्यावर सगळे उलगडत नाही. येशिलला म आणि येनीला प का, सारिला प आणि सियाह (काळा) या शब्दाला म का, हे पूर्णपणे नियमात बसवणे भाषाशास्त्रज्ञांनाही अवघड गेले आहे. निरर्थक शब्द बनवून तुर्की बोलणाऱ्यांसमोर ठेवण्याचे प्रयोगही यासाठी झाले आहेत. थोडक्यात, साचा पक्का आहे, पण साच्यातला एक खिळा प्रत्येक शब्दाबरोबर पाठ करावा लागतो.

ही युक्ती आजकालची नाही. महमूद अल्-काश्गरी या विद्वानाने ११व्या शतकात बगदाद येथे तुर्की शब्दांचा मोठा कोश अरबी भाषेत लिहिला. त्यात या पद्धतीची नोंद आहे आणि काही टोळ्या येथे प वापरतात, तर ओघुझ लोक म वापरतात, असा बोलीभेदही त्याने टिपला आहे. आजच्या उझबेकीत काळाकुट्ट म्हणजे 'कोप-कोरा', तर ओक म्हणजे पांढरा आणि पांढराशुभ्र म्हणजे 'ओप्पोक'.

आता शिक्षकांनी मुद्दाम पाहावी अशी एक गोष्ट. वर दिलेल्यांपैकी कितीतरी विशेषणे मूळची तुर्की नाहीतच. बेयाझ हा अरबीतून आला. सियाह हा फारसी. आपण ज्या शाईने लिहितो तो शब्दही त्याच घरातला. मावी हा पाण्याच्या अरबी शब्दावरून, तेमिझ हा अरबी 'तमीज'वरून. पेंबे म्हणजे गुलाबी, हा कापसाच्या फारसी नावावरून आला, आणि त्याचेही 'पेस-पेंबे' होते. लाल या अर्थाचा तुर्की शब्द आहे किर्मिझि आणि लालभडक म्हणजे 'किप-किर्मिझि'. हा शब्द आपल्याला ओळखू यायला हवा, कारण आपला किरमिजी रंग तो हाच. ज्या किड्यापासून तो रंग काढत, त्या किड्याचे फारसी नाव किर्म, म्हणजे आपल्या संस्कृत 'कृमि'चा भाऊबंद. बाहेरून आलेल्या शब्दालाही युक्ती लागू पडते, याचा अर्थ ती युक्ती म्हणजे पाठ केलेली यादी नाही. बोलणाऱ्याच्या डोक्यात चालू असलेला तो नियम आहे.

मराठीचा संसार

मराठीत असा साचा नाही. काळ्याच्या आधी 'काप' किंवा 'काम' जोडून आपले भागत नाही. आपल्याकडे प्रत्येक विशेषणाचा सोबती ठरलेला आहे, आणि तो त्याच्या मागून येतो. पिवळ्याला धमक, निळ्याला शार, ओल्याला चिंब, कोरड्याला ठाक, तिखटाला जाळ, आंबटाला ढाण, कडूला जहर, गोडाला मिट्ट, सरळाला सोट. जोड्या बदलून पाहा: 'पिवळाशार', 'निळाधमक', 'आंबटमिट्ट'. व्याकरणाचा कोणताही लिहिलेला नियम मोडलेला नाही, तरी पाचवीतला मुलगाही हसेल.

हे सोबती आले कोठून? त्यांच्याकडे नीट पाहिले तर त्यांच्या निरनिराळ्या जाती दिसतात. काही जण म्हणजे तोच अर्थ दुसऱ्या भाषेतून. शुभ्र हा संस्कृत शब्द, त्याचा अर्थ पांढराच. पिवळाजर्दमधला जर्द हा फारसी, त्याचा अर्थ पिवळाच. थंडगारमध्येही थंड म्हणजेच गार. म्हणजे येथे आपण तुर्कीसारखेच पुनरुक्ती करतो, फक्त ध्वनीची न करता अर्थाची करतो. हिंदी-उर्दूतले 'लाल सुर्ख' याच वळणाचे आहे. सुर्ख म्हणजे फारसीत लाल. काही सोबती उपमेतून आले: तिखटजाळ म्हणजे तोंडात जाळ पेटवणारे, कडूजहर म्हणजे विषासारखे. काही आवाजातून आले: रिकामे भांडे वाजवले की ठणठण होते, म्हणून रिकामा ठणठणीत. आणि काही मात्र आज पूर्ण मुके आहेत. भोर, कुट्ट, कभिन्न, बुंद हे काळ्यालालाच्या मागे उभे राहतात, पण एकटे कुठे जात नाहीत. हिंदीत भोर म्हणजे पहाट. तिचा काळ्याशी संबंध लावायला गेले तर फार ओढाताण होते. बहुधा हे एकेकाळचे स्वतंत्र शब्द असावेत. घर पडले आणि एक खांब तेवढा उभा राहिला, तशी त्यांची गत.

समासाच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. श्यामसुंदरमध्ये दुसरे पद नवा गुण सांगते. काळाभोरमध्ये ते नवा गुण सांगत नाही. पहिल्या गुणाला टोकापर्यंत नेते, एवढेच त्याचे काम. तपासून पाहायला दोन सोप्या कसोट्या आहेत. पहिली, पदांची अदलाबदल. 'भडक लाल' चालते, 'गर्द हिरवा' चालते, पण 'भोर काळा' किंवा 'धमक पिवळा' चालत नाही. म्हणजे भडक आणि गर्द यांच्यात अजून स्वतंत्र विशेषणाचा जीव आहे, भोर आणि धमक यांच्यात तो उरलेला नाही. दुसरी कसोटी लिंगवचनाची. काळाकुट्ट, काळीकुट्ट, काळेकुट्ट: पहिले पद बदलते, दुसरे दगडासारखे स्थिर. याउलट नवाकोरा, नवीकोरी, नवेकोरे: येथे दोन्ही पदे बदलतात, कारण कोरा हे आजही खरेखुरे विशेषण आहे. ही कसोटी वर्गात पाच मिनिटांत लावता येते आणि एकाच ओळीत दिलेले शब्द किती वेगवेगळ्या स्वभावाचे आहेत ते मुलांनाच दिसते. परीक्षेपुरते कर्मधारय लिहू द्यावे. त्यातून गुण मिळतात. पण काळाभोरचा विग्रह करून दाखवण्याचा हट्ट सोडावा, असे आमचे मत आहे.

हे सोबती म्हणजे 'खूप' या शब्दाला पर्याय आहेत, असे मात्र समजू नये. 'खूप पांढरा' म्हणता येते, 'जास्त पांढरा' म्हणता येते. 'जास्त पांढराशुभ्र' किंवा 'सर्वांत हिरवागार' हे कानाला खटकते. जे टोकाला पोचले, त्याला आणखी पुढे कसे नेणार? तुर्कीतही अगदी असेच आहे: बेम-बेयाझच्या आधी 'अधिक' या अर्थाचा शब्द लावत नाहीत. दोन्ही भाषांत या मोजपट्टीचे दुसरे टोकही आहे. आपण पिवळसर, पिवळा, पिवळाधमक म्हणतो. ते सारिम्सि, सारि, साप-सारि म्हणतात. आपल्याकडे त्यात पिवळट, काळपट, हिरवट अशी थोडी नाक मुरडणारी रूपेही आहेत. तुर्कीतल्या एका शब्दाने तर आम्हाला फारच मजा वाटली: गुंदुझ म्हणजे दिवस आणि 'गुपे-गुंदुझ' म्हणजे भरदिवसा. त्यासाठी आपण म्हणतो दिवसाढवळ्या. ढवळा म्हणजे पांढरा. तेथे ध्वनी पुन्हा आला, येथे रंग मदतीला आला.

एका बाबतीत मराठीची पद्धत तुर्कीपेक्षा जास्त बोलकी आहे. काप-कारा हा केसांनाही चालतो, रात्रीलाही आणि ढगालाही. मराठीत काळ्याला एकाहून जास्त सोबती आहेत आणि प्रत्येकाची नजर वेगळी आहे. डोळे, केस आणि जमीन काळीभोर, अंधार काळाकुट्ट, खडक काळाकभिन्न. काळीभोर म्हणताना माया असते, काळ्याकुट्टमध्ये भीती. ओठ लालचुटुक, रागावलेला चेहरा लालबुंद, न शोभणारा लाल रंग लालभडक. कापूस पांढराशुभ्र, पण घाबरलेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक. गोरापान फक्त माणूस असतो; भिंत कितीही उजळ असली तरी गोरीपान होत नाही. 'एकदम लाल' म्हटले की ओठ, राग आणि भडकपणा हे तिन्ही एकाच रंगाने सारवले जातात. मुलांच्या निबंधांत आता 'एकदम' आणि 'खूप' यांची गर्दी दिसते ती आम्हाला याच कारणाने टोचते.

नियम आपल्याकडेही आहेत

याचा अर्थ मराठी माणसाच्या डोक्यात ध्वनीचे साचे नाहीत, असा मुळीच नाही. उंचच उंच, लांबच लांब यांत 'च' मध्ये घालून शब्द पुन्हा येतो. लालेलाल, गारेगार, गरमागरम यांत मध्ये एक स्वर येतो. लहान मुले 'मोठा' न म्हणता 'मोठ्ठा' म्हणतात, 'एवढा'चा 'एवढ्ढा' करतात. व्यंजन दुणावून जोर आणण्याची ही पद्धत त्यांना कोणी शिकवत नाही. नुसती द्विरुक्ती मात्र जपून वाचावी. 'लाल लाल बोरं वेच' यात बोरे फार लाल आहेत असे म्हणायचे नसते. जी जी लाल असतील ती वेच, असा अर्थ असतो.

आणि चहाबिहा? पुस्तकबिस्तक, शाळाबिळा, भाजीबिजी यांत शब्दाचा सुरुवातीचा तुकडा काढून 'बि' बसवायचा, हा साचा तुर्कीच्या साच्याइतकाच पक्का आहे आणि संगणकबिंगणक, मोबाइलबिबाइल असा कोणत्याही नव्या शब्दाला लागतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली भारताकडे एक 'भाषिक प्रदेश' म्हणून पाहणारा प्रसिद्ध निबंध लिहिला. निरनिराळ्या कुळांतल्या भारतीय भाषांना सामाईक असलेल्या गोष्टींत त्यांनी अशा प्रतिध्वनी-शब्दांचाही विचार केला होता. तुर्कीतही हे आहे, पण त्यांचा वर्ण म: चाय-माय, किताप-मिताप. त्यामुळे म ने सुरू होणाऱ्या शब्दापाशी त्यांची पंचाईत होते. आपली पंचाईत 'बि'ने सुरू होणाऱ्या शब्दापाशी व्हायला हवी. 'बिस्किट' आणि 'बियाणे' यांचे काय करायचे, हे वर्गाला विचारून पाहावे.

म्हणजे 'वगैरे' सांगायला मराठी साचा वापरते आणि गुण टोकाला न्यायला सोबती शोधते. दुसऱ्या पद्धतीत एक तोटा आहे: नव्या विशेषणाला सोबती मिळत नाही. रंगच घ्या. पांढरा, काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा या सहांना ठरलेले सोबती आहेत. गुलाबी, जांभळा, नारिंगी, तपकिरी, राखाडी यांना नाहीत. तेथे आपण आधी 'गर्द' किंवा 'फिका' लावून वेळ भागवतो. ही सहांची यादी ओळखीची वाटते. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ साली जगातल्या अनेक भाषांतील रंगनामांची तुलना करून असे मांडले की भाषांत मूळ रंगनामे साधारण एका क्रमाने येतात: आधी पांढरा व काळा, मग लाल, मग हिरवा व पिवळा, मग निळा, आणि तपकिरी, जांभळा, गुलाबी वगैरे त्यानंतर. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि त्याला दुरुस्त्याही झाल्या. तरी मराठीने ज्यांना सोबती दिले ते नेमके पहिले सहा रंग आहेत, ही गोष्ट उरतेच. आपले उशिराचे रंग गुलाब, जांभूळ, नारिंग, तपकीर, राख अशा वस्तूंची नावे अजून अंगावर वागवतात. तुर्कीचा साचा मात्र गुलाबीपर्यंत आणि जांभळ्यापर्यंत पोचला आहे: मोर म्हणजे जांभळा, 'मोस-मोर' म्हणजे गर्द जांभळा. तपकिरीला त्यांच्याकडे 'कॉफीचा रंग' असा जोडशब्द आहे आणि त्याला तेही सहसा हात लावत नाहीत.

येथे एक प्रयोग सुचवतो. जीन बर्को यांनी १९५८ साली लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र आणि निरर्थक नाव देऊन त्याचे अनेकवचन विचारले होते. पाठ न केलेला नियम मुलांच्या मनात असतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्याच धर्तीवर वर्गात सांगावे, की 'टोमा' नावाचा एक रंग आहे. आता 'टोमा' या शब्दापुढे जोड देऊन तो अगदी पक्का टोमा आहे असे एका शब्दात सांगा. उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत, मोठ्याने सांगू देऊ नयेत, नाहीतर पहिल्याचे उत्तर सगळे उचलतात. बहुतेकांनी 'टोमाटोमा' लिहिले तर एक अर्थ. बरीच मुले 'टोमागार' किंवा 'टोमाभडक' लिहू लागली तर मात्र गार किंवा भडक हा एका शब्दाचा सोबती राहिला नाही, तो प्रत्यय होऊ लागला आहे, असे म्हणावे लागेल. दोन वेगळ्या इयत्तांत हाच प्रयोग करून तुलना केली तर आणखी बरे.

वऱ्हाडातल्या वह्या

अकोला, अमरावतीच्या बाजूला या विषयाला आणखी एक पदर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली जमीन काळीभोर आहे, पण तेथला शेतकरी तिला 'कायीभोर' म्हणतो. वऱ्हाडी बोलीत ळ च्या जागी य येतो: काळा-काया, डोळा-डोया, जवळ-जवय, निळा-निया, पिवळा-पिवया. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडीचा स्वतंत्र विचार आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीमुळे ही बोली सगळ्या महाराष्ट्राच्या कानावर गेली.

सहावीतल्या मुलाने निबंधात 'कायीभोर माती' लिहिले की लाल शाई त्या संपूर्ण शब्दावर आडवी फिरते. येथे जरा थांबायला हवे. त्या मुलाने दोन गोष्टी केल्या आहेत. ळ चा य केला, तो त्याच्या बोलीचा नियम आहे, आणि तो एकसारखा पाळला आहे. शिवाय मातीसाठी कुट्ट नको, कभिन्न नको, भोर हवा, ही निवड त्याने अचूक केली आहे. ती प्रमाण मराठीतलीच निवड आहे आणि ती पुस्तकातून मिळत नाही. छापील मराठीत ळ लिहितात एवढे सांगावे आणि 'भोर'वर बरोबरची खूण करावी. संपूर्ण शब्द खोडला तर पुढच्या निबंधात तो मुलगा 'खूप काळी माती' लिहील, आणि त्यात खोडण्यासारखे काही नसेल.

बोलीकडे कान दिला तर तिच्यावर प्रयोगही करता येतात. बहुतेक सोबत्यांत ळ नाही, म्हणून वऱ्हाडीत ते जसेच्या तसे राहतात: कायाकुट्ट, पिवयाधमक, नियाशार. 'तिखटजाळ' हा अपवाद. नियम सरसकट लागत असेल तर वऱ्हाडी माणसाच्या तोंडी 'तिखटजाय' यायला हवे. तसे आले, तर बोलणाऱ्याला त्या शब्दात अजून आगीचा जाळ ऐकू येतो असा अंदाज बांधता येतो. 'जाळ'च राहिला, तर हा जोडशब्द छापील मराठीतून किंवा बाहेरून आयता आला असण्याची शक्यता वाढते. ज्यांच्या शाळा या भागात आहेत त्यांनी एका बाजारच्या दिवसात, मिरचीच्या ढिगापाशी उभे राहून, हे तपासावे.

दुसरे शोधकाम चवीचेच आहे. तिखट, आंबट, कडू, गोड यांचे सोबती वर आले. खारटाचा आला नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तेथे विहिरीच्या खारट पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची गाठ पडलेली आहे. ज्या गोष्टीशी रोजचा संबंध, तिला बोलीत नेमका शब्द असण्याची शक्यता जास्त. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांकडून, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून तो मिळवावा. वहीत शब्द जसा ऐकला तसाच लिहावा, त्याच्यासमोर गाव, बोलणाऱ्याचे अंदाजे वय आणि तो शब्द कशाबद्दल वापरला हे नोंदवावे. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात मिळाला तर मिळालेला शब्द त्यांत आहे का, तेही पाहावे. विचारताना मात्र 'खारटाला तुमच्याकडे काय जोडतात?' असे विचारू नये. त्याने माणूस विचारात पडतो आणि पुस्तकी उत्तर देतो. जुन्या विहिरीचे पाणी कसे लागायचे, एवढेच विचारावे आणि मग ऐकत बसावे.